ताण ओळखणारी ग्राफीन-सिलिकॉनची पट्टी, नागपूरच्या हवेत

ग्राफीन (कार्बनच्या अणूंचे अतिशय पातळ पत्रे) जितकं जास्त तितका सेन्सर चांगला, हा समज आधी डोक्यातून काढा. माझ्याकडे प्रोजेक्टसाठी येणारे पोट्टे सुरुवातीला हेच करतात. महागाची पूड आणली आहे ना, मग सगळी ओता! पट्टी काळीकुट्ट होते, मीटरवर रोध मस्त कमी दिसतो, आणि ताणली की आकडा जेमतेम हलतो. वीज वाहून नेणारी पट्टी वेगळी आणि ताण ओळखणारी वेगळी. आपल्याला दुसरी हवी आहे, आणि तिला पूड अगदी मोजून लागते.

मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. आता त्रिमूर्तीनगरला घरीच, डायनिंग टेबलाच्या अर्ध्या भागावर, माझे हे उद्योग चालतात. उरलेल्या अर्ध्यावर जेवण होतं, म्हणून स्वच्छतेबाबत मी फार खडूस आहे. खालची पद्धत त्या टेबलाला जमेल अशीच आहे. तिला व्हॅक्यूम पंप लागत नाही, फ्यूम हूडही लागत नाही.

आधी काठ समजून घ्या

सिलिकॉन रबर वीज वाहू देत नाही. ग्राफीनचे पातळ पत्रे वीज उत्तम वाहतात. रबरात थोडे पत्रे मिसळले तर ते सुटे-सुटे राहतात आणि मीटर काहीच दाखवत नाही. कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर पाऊस सुरू झाला की आधी वेगवेगळी डबकी दिसतात. ती वाढत जातात, आणि मग थोड्याशाच जास्त पाण्याने ती एकमेकांना अशी मिळतात की पाय न भिजवता पलीकडे जाता येत नाही. पत्र्यांचंही तसंच होतं. एका ठरावीक प्रमाणाला या टोकापासून त्या टोकापर्यंत पहिली साखळी जुळते, आणि त्या आसपासच्या एक-दोन टक्क्यांत रोध हजारो-लाखो पटींनी कोसळतो. याचं गणित ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली यांनी १९५७ मध्ये मांडलं. त्याला पर्कोलेशन म्हणतात आणि त्या प्रमाणाला पर्कोलेशनचा उंबरठा. हाच आपला काठ.

आपली पट्टी या उंबरठ्याच्या जरासं वर हवी. तिथे सगळी वीज मोजक्या दुव्यांवर लटकलेली असते. पट्टी ताणली की त्यातले काही दुवे सुटतात आणि रोध झपकन वाढतो. शिवाय बरेचसे पत्रे एकमेकांना प्रत्यक्ष टेकलेलेही नसतात. मध्ये काही नॅनोमीटरची रबराची फट असते आणि इलेक्ट्रॉन ती टनेलिंगने, म्हणजे मधल्या अडथळ्यातून आरपार निसटून, ओलांडतात. फट किंचित रुंदावली तरी हा प्रवाह घातांकी वेगाने घटतो. संवेदनशीलतेचं मोठं कारण हेच आहे. पूड खूप झाली तर एक दुवा तुटला तरी वाटा दहा उरतात, म्हणून पट्टी मठ्ठ होते.

उंबरठा नेमका किती टक्क्यांना येईल ते कणांच्या आकारावर ठरतं. गोल कणांना घनफळाच्या साधारण १६ टक्के लागतात. रुंद आणि पातळ पत्र्यांना त्याहून कितीतरी कमी लागतात. २००६ मध्ये पॉलिस्टायरीनमध्ये ग्राफीन मिसळून हा उंबरठा घनफळाच्या ०.१ टक्क्यावर आणून दाखवला गेला. पण ते पत्रे रासायनिक प्रक्रिया करून सुटे केलेले होते. बाजारातल्या, अनेक थर चिकटलेल्या पुडीला वजनाने काही टक्के तरी लागतातच.

सामान

पूड घेताना ‘ग्राफीन नॅनोप्लेटलेट’ असं लिहिलेली घ्या. ग्राफीन ऑक्साइड घेऊ नका, ते वीज वाहत नाही. आणि हो, ग्राफाइटची पूड ग्राफीन म्हणून सर्रास विकली जाते. घरी करता येणारी कच्ची पारख अशी: एक ग्रॅम ग्राफाइट आणि एक ग्रॅम आणलेली पूड दोन सारख्या परीक्षानळ्यांत घाला. पातळ पत्र्यांची पूड फुललेली असते, ती कितीतरी जास्त उंची घेते. पक्की पारख रामन स्पेक्ट्रमची, म्हणजे पुडीवर लेझर टाकून विखुरलेल्या प्रकाशाच्या आलेखाची. त्यात प्रति सेंटिमीटर २७०० च्या आसपासचं शिखर बघतात. एकाच थराचं ग्राफीन असेल तर ते एकटं, टोकदार आणि उंच येतं, ग्राफाइटमध्ये ते बसकं आणि खांदा असलेलं दिसतं. ओळखीचं कुणी विद्यापीठात असेल तर करून घ्या. (स्वतः रामन १९१० मध्ये सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत आपल्या नागपुरात होते. पोट्ट्यांना हे सांगितलं की ते रामन विज्ञान केंद्राकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात.)

घरच्या मिक्सरमध्ये ग्राफाइट फिरवून ग्राफीन करता येतं का, असं हमखास विचारतात. येतं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या जोनाथन कोलमन यांच्या गटाने २०१४ मध्ये पाणी, भांडी घासायचा साबण आणि स्वयंपाकघरातला ब्लेंडर वापरून ते दाखवलं. पण हाती येतं ते अगदी पातळ, साबणमिश्रित पाणी. त्यातून पूड वेगळी करण्याची खटपट या कामासाठी परवडत नाही, आणि मिक्सर गेला तर घरात ऐकून घ्यावं लागेल ते वेगळंच.

रबरासाठी साचे बनवायचं दोन भागांचं प्लॅटिनम-क्युअर (प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारं) सिलिकॉन घ्या, समान वजनाने मिसळायचं. रेझिन आर्टचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. हार्डवेअरच्या दुकानातली ट्यूब स्वस्त पडते खरी, पण व्हिनेगरसारखा वास येणारी ट्यूब सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडते आणि तांब्याच्या तारा खाते. शिवाय ती हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होते. आपल्याकडे मे महिन्यात ओलावा कुठून येणार? बाहेरून साल धरते आणि आत दिवसेंदिवस चिकट राहते.

बाकी सामान किरकोळ आहे. ०.०१ ग्रॅम मोजणारा खिशातला डिजिटल काटा, चिनी मातीचा खल, काचेचा जाड तुकडा, सेलोटेप, स्टीलची पट्टी, सोल्डर काढायची तांब्याची जाळीदार फीत, मल्टिमीटर. इलेक्ट्रॉनिक्सचं सामान सीताबर्डीत मिळून जातं. हातमोजे मात्र नायट्राइलचे हवेत. लॅटेक्सचे मोजे लागले की प्लॅटिनम सिलिकॉन घट्टच होत नाही, कारण लॅटेक्समधलं गंधक प्लॅटिनमला निकामी करतं. सोल्डरच्या फ्लक्सनेही तेच होतं, म्हणून ती जाळीदार फीत आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन वाळवून घ्या.

पूड उघडण्याआधी पंखा बंद, कूलर बंद. उन्हाळ्यात जिवावर येतं, पण एक झोत आला की पूड घरभर होते. ती फुफ्फुसात जायला नको आणि लॅपटॉपमध्येही, कारण ती वीज वाहते. एन-९५ मास्क लावा आणि सांडलेली पूड ओल्या फडक्याने टिपा, झाडू मारू नका.

घोटणं

सगळी कला इथे आहे, म्हणून इथे घाई नको.

दोन भागांच्या सिलिकॉनचा फायदा असा की पहिला भाग एकटा असताना कधीच घट्ट होत नाही. म्हणजे पूड फक्त त्यात घालून हवा तितका वेळ घोटता येतं, आणि हेक्झेनसारखं पेट घेणारं द्रावक घरात आणावं लागत नाही. सिलिकॉनचा चिकटपणाच पत्र्यांचे गठ्ठे सोडवतो. पूड एकदम टाकू नका. चिमूटभर घाला, ती पूर्ण ओली होऊ द्या, मग पुढची. बत्ता आपटायचा नाही, दाबून गोल फिरवायचा. मधूनमधून थोडं मिश्रण काचेवर पातळ पसरून दिव्यासमोर धरा. काळे ठिपके दिसले तर गठ्ठे बाकी आहेत. एकसारखी राखाडी झाक आली की थांबा.

थांबा म्हणते ते उगाच नाही. खूप घोटलं तर पत्रे तुटून लहान होतात, चुरगळतात, आणि प्रत्येक पत्र्याभोवती रबराचा पुरता लेप बसतो. मग तितक्याच पुडीत साखळी जुळत नाही, उंबरठा वर सरकतो. म्हणून आपली घोटायची वेळ एकदा ठरवा आणि प्रत्येक घाण्याला घड्याळ लावून तीच ठेवा. दोन पट्ट्यांची तुलना करायची तर दोन्ही सारख्याच घोटलेल्या हव्यात.

हिशेब नीट ठेवा. १० ग्रॅम पहिल्या भागात १ ग्रॅम पूड घातली आणि नंतर १० ग्रॅम दुसरा भाग मिसळला तर सिलिकॉनच्या वजनाच्या मानाने पूड ५ टक्के झाली, १० नव्हे. शोधनिबंधात घनफळाचे टक्के दिसले तर ते असे काढा: ग्राफाइटची घनता २.२, या सिलिकॉनची साधारण १.१. म्हणजे २० ग्रॅम सिलिकॉन १८.२ घन सेंटिमीटर, १ ग्रॅम पूड ०.४५. घनफळाने फक्त २.४ टक्के. कॉलेजच्या सेमिनारमध्ये ‘त्यांचे २ टक्के आणि आमचे २ टक्के’ अशी तुलना चालते तेव्हा निम्म्या वेळा एक आकडा वजनाचा असतो आणि दुसरा घनफळाचा.

पसरणं आणि तारा

काचेवर समांतर दोन ओळींत सेलोटेपचे थर चढवा, उंची सुमारे एक मिलिमीटर होईपर्यंत. दुसरा भाग मिसळून मिश्रण मध्ये ओता आणि स्टीलची पट्टी टेपवर टेकवून एकाच दिशेने ओढा. ओढताना पत्रे त्या दिशेला आडवे पडतात, त्यामुळे लांबीच्या दिशेचा रोध आणि रुंदीच्या दिशेचा रोध वेगळा येतो. सगळ्या पट्ट्या ओढीच्याच दिशेने कापायच्या, हा नियम मोडू नका. बुडबुडे दिसतील ते सुईने फोडा.

तारा ओल्या मिश्रणातच बसवायच्या. जाळीदार फितीचा एक सेंटिमीटर तुकडा दोन्ही टोकांना दाबून आत जाऊ द्या, म्हणजे रबर जाळीत शिरून धरून ठेवतं. नंतर वरून चिमटा लावून चालत नाही, कारण पृष्ठभागावर नुसत्या रबराची पातळ साय असते. मीटरची टोकं वरून टेकवली तर चांगली पट्टीसुद्धा मेलेली वाटते.

प्लॅटिनम सिलिकॉन उष्णतेने लवकर घट्ट होतं. डब्यावर लिहिलेली वेळ साधारण २३-२५ अंशांची असते. एप्रिल-मेमध्ये दुपारी आपल्या खोलीत ती वेळ मिळत नाही, हातातच गोळा होतो. दोन्ही भाग आधी थंड करून घ्या किंवा सकाळी सहाला बसा.

काठ सापडवणं

२, ४, ६, ८, १० आणि १२ टक्क्यांच्या सारख्या पट्ट्या करा. तारांमधली लांबी ५० मिलिमीटर, रुंदी १० ठेवा. नेहमीचा पिवळा मल्टिमीटर २००० किलोओहमपर्यंतच दाखवतो, त्यापुढे डावीकडे नुसता १ उभा राहतो. २० मेगाओहमचा असेल तर बरं. टक्केवारी आडव्या अक्षावर आणि रोधाचा लॉगॅरिथम उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. कडा तुटल्यासारखी रेघ जिथे खाली येते तिथे तुमच्या पुडीचा उंबरठा आहे. दोन बिंदूंच्या मध्ये पडला असेल तर तिथे अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने पुन्हा करा. अगदी काठावरची पट्टी मात्र घेऊ नका. ती फार संवेदनशील असते, पण घाण्यागणिक बदलते आणि जरा ओढली की साखळीच तुटून मीटर रिकामा. रोध काही दहा ते काहीशे किलोओहम देणारी पट्टी निवडा, ती वागायला सोसते.

काठाजवळ आणखी एक गंमत आहे. टनेलिंगमुळे पट्टी ओहमचा नियम काटेकोर पाळत नाही, व्होल्टेज बदललं की रोधही बदललेला दिसतो. मीटरचा आकडा आणि सर्किटमधला आकडा जुळला नाही तर घाबरू नका. अंतिम मोजणी सर्किटच्याच व्होल्टेजवर करा.

पट्टीला वळण लावणं

ताजी पट्टी पहिल्या काही ताणांत दरवेळी वेगळं उत्तर देते. पूड भरलेल्या रबराचा हा स्वभाव आहे, त्याला मलिन्स परिणाम म्हणतात. वापरात जितकी ताणणार त्याहून थोडी जास्त ताणून सोडा, आणि आकडे एकसारखे येईपर्यंत हे करत राहा. मोजणी त्यानंतरच.

ताणायला व्हर्नियर कॅलिपर वापरा. पट्टीची टोकं दोन जबड्यांना पक्की बांधली की जबडा सरकवायचा आणि लांबी सरळ वाचायची. समजा ५० मिलिमीटरची पट्टी ५५ केली, म्हणजे ताण ०.१. रोध ८० वरून १२० किलोओहम झाला, म्हणजे वाढ ०.५. भागाकार ५, हा गेज फॅक्टर. पण यात एक मेख आहे. रबर ताणलं की लांब आणि बारीक होतं, आणि नुसत्या आकारबदलाने रोध १.१ च्या वर्गाइतका, म्हणजे २१ टक्के वाढणारच. वाढलेल्या ५० पैकी एवढे फुकटचे, उरलेले साखळीने कमावलेले. धातूच्या नेहमीच्या स्ट्रेन गेजचा (ताण मोजणाऱ्या पट्टीचा) गेज फॅक्टर २ च्या आसपास असतो. कोलमन यांच्याच गटाने २०१६ मध्ये सिली पुटी या खेळण्यातल्या लगद्यात ग्राफीन मिसळून तो ५०० च्या वर नेला आणि त्यावर चालणाऱ्या कोळ्याची पावलंसुद्धा टिपली. आपल्याला तिथवर जायचं नाही.

ताणून तसंच धरलं तर आकडा हळूहळू खाली घसरतो, आणि सोडताना येतानाच्या वाटेने परत जात नाही. यामुळेच वजनकाट्यासाठी ही पट्टी वापरू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. श्वास, बोटाचं वाकणं, नाडी, अशा हलत्या गोष्टींना ती चांगली.

दोन पट्ट्या, एक नाही

इंटरनेटवरच्या बहुतेक पद्धतींत हा भाग नसतो. थंड हवेच्या गावी कदाचित चालत असेल, नागपुरात नाही.

सिलिकॉन दर अंशाला लांबीत साधारण ०.०३ टक्के प्रसरण पावतं. एसीच्या २५ अंशांतून पट्टी गच्चीवरच्या ४५ मध्ये नेली तर ०.६ टक्के. ग्राफीनचे पत्रे जवळजवळ फुगतच नाहीत, म्हणजे मधल्या फटी रुंदावतात आणि कुणी हात न लावताही पट्टी ताण दाखवते. उलट बाजूने, उष्णतेने इलेक्ट्रॉनांना फट ओलांडणं सोपं जातं आणि रोध घटतो. कोणता परिणाम वरचढ ठरेल ते पूड आणि प्रमाण ठरवतं. मनगटावरच्या नाडीचा ताण इतका बारीक असतो की तो यात सहज बुडून जातो. २०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली आणि नंतर तो सेन्सरचा बिघाड निघाला, हे आठवत असेलच. शेजारी ताडून बघायला दुसरं काही असलं की असा आकडा लगेच संशयास्पद वाटतो.

म्हणून एकाच पसरलेल्या थरातून शेजारशेजारच्या दोन पट्ट्या कापा. एक कामाची, दुसरी नुसती सोबतीची. दोन्ही ५ व्होल्ट आणि जमीन (सर्किटचं ग्राउंड) यांच्यामध्ये एकापुढे एक जोडा, कामाची खाली, म्हणजे जमिनीच्या बाजूला, आणि मधल्या बिंदूचं व्होल्टेज आर्डुइनोला (व्होल्टेज वाचणाऱ्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला) द्या. सोबतीची पट्टी कामाच्या पट्टीला लागूनच ठेवा, पण एकच टोक चिकटवा. दोन्ही टोकं खालच्या ॲक्रिलिकच्या (कडक प्लास्टिकच्या) तुकड्यावर घट्ट केली तर ती ॲक्रिलिकच्या मापाने फुगेल, हवेच्या नाही. हवा तापली की दोघींचा रोध बरोबरीने हलतो आणि मधला बिंदू जागेवर राहतो. वरच्या उदाहरणात, दोन्ही ८० किलोओहम असताना मध्ये २.५ व्होल्ट असतील आणि १० टक्के ताणल्यावर ३. आर्डुइनो उनोची एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे शंभरेक पायऱ्या मिळाल्या.

उनोच्या ॲनालॉग पिनला १० किलोओहमपेक्षा कमी रोधाचा स्रोत आवडतो, आपला ४० आहे. पिन आणि जमीन यांच्यात ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, किंवा मध्ये ऑप-ॲम्प बफर (पट्टीवर भार न टाकता तेच व्होल्टेज पुढे देणारी चिप) ठेवा. दुकानदार एलएम ३५८ पुढे करेल. एवढ्या रोधाला त्याचा इनपुट प्रवाह त्रास देतो, एमसीपी ६००२ मागा.

कशाला वापराल

संक्रांतीला एका पोट्ट्याने पट्टी सद्दी आणि चक्री यांच्या मध्ये बांधून पतंगाची ओढ मोजली. ‘ओ काट’च्या क्षणी आलेख सरळ खाली कोसळतो, बघायला मजा येते. पट्टीला समांतर एक जाड रबर बांधा म्हणजे सगळी ओढ तिच्यावर येत नाही.

नाडीसाठी पट्टी अर्ध्या मिलिमीटरची करा आणि अंगठ्याच्या बुडाशी मनगटावर हलक्या टेपने दाबा. सर्किट बॅटरीवर चालवा, चार्जरला लावलेल्या लॅपटॉपला जोडलेलं नको. खाली पातळ प्लास्टिकचा कागद ठेवा, नाहीतर घाम स्वतःच वीज वाहतो. हे प्रात्यक्षिक आहे, यावरून तब्येतीचं निदान करायचं नाही.

आणि रोध विनाकारण चढताना दिसला तर आधी आजूबाजूला कुणी पेट्रोल, टर्पेंटाइन किंवा थिनर उघडलंय का ते बघा. त्यांच्या वाफेने सिलिकॉन फुगतं आणि साखळ्या सुटतात. याच गुणावर वाफ ओळखणारा सेन्सरही होतो, त्यासाठी पट्टी जितकी पातळ तितकी ती लवकर जागी होते. वाफ निघून गेल्यावर रोध बराचसा परत येतो. परत आलेला आकडा नव्याने शून्य धरून पुढची मोजणी सुरू करा.